चार किलोमीटरवरच्या शाळेसाठी टर्बो घ्यावा का?

पत्र: नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळा घरापासून चार किलोमीटर, वावर तीन किलोमीटर, तेही पांदण रस्त्यानं. मुलगी संभाजीनगरला शिकते. दोन महिन्यांतून एकदा तिच्याकडे जाणं होतं, तेव्हा कारंज्याहून समृद्धीला लागतो. वर्षातून एकदा सगळे मिळून माहूर. आतापर्यंत १.३ डिझेलची जुनी स्विफ्ट होती, ती आता काढायची आहे. मारुतीच्या २०२३ च्या दोन फ्रॉन्क्स गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक १.२ लिटरची साधी पेट्रोल, दुसरी १.० लिटरची टर्बो पेट्रोल. मेहुणे म्हणतात, टर्बोच घ्या, डिझेलवाल्याला साध्या पेट्रोलचा पिकअप पटत नाही. आमचा मिस्त्री म्हणतो, "हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याच्यावर टर्बो, आन् आपलं ऊन! किती दिवस टिकन गुरुजी ते?" कागदावर तर दोघींच्या ताकदीत फक्त दहा पीएसचा फरक दिसतो. टर्बोवालीचं रनिंग ४८ हजार आहे. सर्विसिंगची बिलं मागितली, तर मालक म्हणतो, "असतील कुठंतरी." काय करू?

उत्तर:

गुरुजी, नमस्कार. निकाल आधी सांगतो, कारणं मागून येतील. तुमच्या वापराला साधी १.२ घ्या. मात्र मिस्त्रीनं जे कारण सांगितलं त्यासाठी नव्हे. त्याच्या कारणात अर्धंच तथ्य आहे, आणि मेहुण्यांचं म्हणणंही अर्धं खरं आहे. दोघांनाही नाराज न करता हे कसं सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

आधी दहा पीएसचं बघू. टर्बोवाल्या ९९८ सीसी इंजिनाची ताकद सुमारे १०० पीएस, ती ५५०० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर). साध्या ११९७ सीसी इंजिनाची सुमारे ९० पीएस, ती ६००० ला. या आकड्यांवर गाडी निवडायची नसते, कारण शाळेत जाताना काय किंवा माहूरला जाताना काय, इंजिन साडेपाच हजारांवर कोण नेतो? टॉर्क बघा, म्हणजे इंजिनाची ओढ. टर्बोचा १४७.६ न्यूटन मीटर, आणि तो २००० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. साध्याचा ११३, तोही ४४०० ला. म्हणजे टर्बोची ओढ जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं जास्त आहे आणि ती निम्म्याहून कमी फेऱ्यांवर हाती येते. तुमच्या जुन्या डिझेलची ताकद ७५ पीएसच होती, पण टॉर्क १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. तुमच्या उजव्या पायाला सवय लागली आहे ती त्या १९० ची. मेहुणे बरोबर बोलतात ते एवढ्यापुरतं. साध्या १.२ मध्ये पाच माणसं आणि एसी घेऊन माहूरचा घाट चढायचा तर दुसरा गिअर टाकावा लागेल, इंजिन गुरगुरेल, पहिले दोन महिने तुम्ही चिडचिड कराल. नंतर सवय होते. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक नाही. मॅन्युअल गिअरच्या गाड्यांना कंपनीचा दावा १.२ साठी लिटरला २१.७९ किलोमीटर आणि टर्बोसाठी २१.५ आहे. दोन्ही आकडे कागदावरचे. टर्बोवर पाय दाबला की तिचा आकडा जास्त घसरतो, हे मात्र लक्षात ठेवा.

आता मिस्त्री. "हजार सीसीचं इंजिन लहान, म्हणून लवकर झिजणार" हे ऐकायला पटतं. पण ९९८ ला तीननं भागा, एकेक सिलिंडर ३३३ सीसीचा निघतो. ११९७ ला चारनं भागलं तर २९९. म्हणजे लहान म्हणवणाऱ्या इंजिनाचा सिलिंडर उलट मोठा आहे. तीन सिलिंडरमुळे गाडी उभी असताना स्टिअरिंगला थोडी थरथर जाणवते. तो स्वभाव आहे, दोष नाही. पेट्रोलला टर्बो ही नवलाईही राहिलेली नाही. अमेरिकेत १९६२ मध्येच अशा गाड्या विक्रीला आल्या होत्या. आपल्याकडे २०१३ पासून इकोस्पोर्ट आणि पोलो, २०१४ मध्ये टाटा झेस्ट, २०१७ मध्ये बलेनो आरएस. फ्रॉन्क्सचं टर्बो इंजिन या बलेनो आरएसच्याच घराण्यातलं. एप्रिल २०२० मध्ये धुरावरचे कडक नियम, म्हणजे बीएस-६, आले, लहान गाड्यांतलं डिझेल जवळपास संपलं, आणि ओढ हवी असणाऱ्यांसाठी कंपन्यांनी टर्बो पेट्रोल पुढे केलं.

मिस्त्रीचं खरं ठरतं ते उष्णतेच्या बाबतीत. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, फरक एवढाच की हा भाता भट्टीच्या स्वतःच्या धुरावर फिरतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ओढ जास्त. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. इतक्या वेगाला तो धातूवर टेकूच शकत नाही, तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत फिरतो. आणि पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू डिझेलपेक्षा बराच गरम असतो, जोर लावला की ९०० अंशांच्या वर. मिस्त्रीनं आजवर हाताळले ते डिझेलचे टर्बो. पेट्रोलच्या टर्बोचं काम त्याहून कठीण, म्हणून त्याच्या बेअरिंगच्या घराभोवती बहुधा कुलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) खेळवलेलं असतं. तेल स्वच्छ असेल, पुरेसं असेल आणि वेळेवर बदललं असेल, तर हा टर्बो इंजिनाइतकाच टिकतो. तेल जळकं, पातळ किंवा गाळानं भरलेलं असेल, तर पहिला बळी त्याचाच जातो. टर्बो गेला म्हणून गाड्या गॅरेजला येतात, पण टर्बो आपणहून क्वचितच जातो. तेल आधी गेलेलं असतं.

कंपनी मोठी आणि इंजिन नावाजलेलं असलं तरी हा नियम सुटत नाही. फोर्डचं १.० इकोबूस्ट हे असंच तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं त्याला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान मिळाला. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत रबरी पट्टा तेलात बुडून फिरतो. तेल बदलायला उशीर झाला की पट्ट्याचे कण सुटतात, ते तेलाच्या जाळीत अडकतात, आणि तेलाचा दाब पडला की इंजिनच जातं. तेलपंपाच्या पट्ट्यापायी फोर्डला २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण यवतमाळ-अमरावतीच्या बाजारात कोणी "स्वस्तात इकोस्पोर्ट टर्बो" म्हणून गळ्यात मारायला आला तर तुम्हाला ठाऊक असावं.

मग तुमच्या बाबतीत अडतं कुठे? चार किलोमीटरवर.

हिशेब करून पाहा. संभाजीनगरला जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या वर रनिंग होतं. वर्षात सहा खेपा धरल्या तर शाळेच्या रनिंगपेक्षा ते जास्तच भरेल. तुम्ही म्हणाल, मग माझी गाडी हायवेचीच झाली की. पण इंजिनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं ते किती वेळा थंड सुरू झालं आणि किती वेळा नीट तापायच्या आत बंद झालं. शाळेत जाताना एकदा, येताना एकदा, संध्याकाळी वावरात जाताना-येताना दोनदा. समृद्धीच्या एका खेपेमागे असे शेकडो थंड स्टार्ट.

थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं, सोबत जळणातून आलेली वाफही. तेल नीट तापलं की दोन्ही उडून जातात. पण तेलाला तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मीटरवरचा काटा मध्यावर आला म्हणजे कुलंट तापलं, तेल अजून मागेच असतं. चार किलोमीटरमध्ये ते जेमतेम कोमट होतं. फ्रॉन्क्सच्या टर्बोत पेट्रोल मोठ्या दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळे भिंत ओली होण्याचा प्रकार तिथे जास्त. साध्या १.२ मध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारलं जातं, तिथे हा त्रास कमी, आणि येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळीही धरत नाही, कारण पेट्रोल ते धूत राहतं. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत इंजिन लवकर तापतं, हे खरं. युरोपच्या थंडीतल्या तक्रारी आपल्याला जशाच्या तशा लागू नाहीत. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला निघता तेव्हा आणि सगळ्या पावसाळ्यात लागू आहेत. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वास घेतला तर पेट्रोलचा आला, तर खूश होऊ नका. तेल पातळ झालंय. आणि त्याच तेलावर तो दांडा तरंगायचा असतो.

म्हणून मी साधी १.२ म्हणतो. ती या बाबतीत सोशिक आहे, आणि तुमचा मिस्त्री तिचं बहुतेक काम गावातच करू शकेल. टर्बोवालीचा हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर उघडायची सोय दारव्ह्यात शोधत बसावं लागेल, म्हणजे यवतमाळ गाठणं आलं.

तरीही मेहुण्यांचं ऐकून टर्बोच घेतलीत तर (आणि घ्याल असं मला पत्रावरून वाटतंय, साध्या गाडीचं रनिंगसुद्धा तुम्ही लिहिलं नाही) एवढं पाळा. तेल बदलायला कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, तुम्ही पाच हजार किंवा सहा महिने धरा, जे आधी येईल ते. गाडीच्या पुस्तकात तेलाचा जो ग्रेड छापलाय तोच घ्या आणि डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघा. हा दर्जा २०२० मध्ये आला, तो बऱ्याच अंशी लहान टर्बो पेट्रोल इंजिनांसाठीच. या इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त जोर दिला की कधीकधी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटतं. आवाज ठोका मारल्यासारखा येतो आणि पिस्टन फुटू शकतो. तेलातली काही द्रव्यं, विशेषतः कॅल्शियमची, याला हातभार लावतात. ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० तेल घरात आहे म्हणून तेच ओतायचं, किंवा गॅरेजातलं पिंपातलं सुटं ऑइल घ्यायचं, हे इथे चालत नाही. याच कारणानं डिझेलची दुसरी सवयही सोडावी लागेल. पाचव्या गिअरात चाळीसच्या वेगानं चाललोय, समोर ट्रॅक्टर आला, गिअर न बदलता पाय दाबला. अ‍ॅव्हरेज वाचतो म्हणून आपल्याकडे सगळे हेच करतात. टर्बो पेट्रोलमध्ये आधी गिअर खाली घ्या, मग दाबा.

उन्हाचं म्हणाल तर ४५ अंशांत इंजिन बंद पडत नाही. दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर असतो, पण बाहेरचीच हवा भट्टीतून आल्यासारखी असेल तर तो तरी किती थंड करणार? अशा वेळी कॉम्प्युटर टर्बोचा दाब आणि स्पार्कची वेळ मागे घेतो. मे महिन्यात दुपारी दोनला गाडी मंद वाटली तर ती स्वतःला सांभाळतेय, गॅरेजला पळू नका. खरा धोका पाण्याचा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकायची सवय सोडा. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरात आणि टर्बोच्या बारीक पाणवाटेत बसतो. पुस्तकात सांगितलेलं तयार कुलंटच टाका, पाणी मिसळायचंच तर डिस्टिल्ड. सोयाबीनची मळणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीतून आत डोकावून बघा. भुसा आणि कापसाचे तंतू रेडिएटरपुढे असे गच्च बसतात की हवा जातच नाही. हलक्या धारेनं धुवा, टायर धुवायच्या प्रेशरनं पत्र्याच्या पात्या वाकतात. पांदणीच्या फुफाट्यात एअर फिल्टर लवकर भरतो. गॅरेजवाला तो कॉम्प्रेसरची हवा मारून परत बसवतो, त्यात कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोच्या चाकावर जाते. फिल्टर नवाच घाला.

समृद्धीवर गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. तासभर त्या वेगानं चाललात की टर्बो चांगलाच तापलेला असतो. रस्ता सोडताना शेवटचे दोन-चार मिनिटं सावकाश या. कुठे जेवायला किंवा पेट्रोलला एकदम थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. माहूरचा घाट चढून वर गेल्यावरही तेच. शाळेतून घरी आल्यावर याची काही गरज नाही, काही जण रोज पाच-पाच मिनिटं उभी गाडी चालू ठेवतात ते उगाच. निघण्याआधी टायरमधली हवा मात्र थंड असताना तपासा. उन्हाळ्यात त्या सिमेंटच्या रस्त्यावर इंजिनापेक्षा मला टायरची काळजी जास्त वाटते.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई-२० ला चालणारे आहेत, तेव्हा दोन्ही गाड्यांचा उत्पादनाचा महिना बघून घ्या. विक्रीची तारीख नव्हे. इथेनॉल सहजासहजी अकाली पेटत नाही, त्यामुळे टर्बोला ते उलट मानवतं. लिटरमागे ऊर्जा कमी म्हणून अ‍ॅव्हरेज थोडा घटतो, तो दोन्ही गाड्यांचा घटेल. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात खप चांगला असलेल्या पंपावरच भरा. टाकीत पाणी गेलं तर हाय-प्रेशर पंपाचं नुकसान आधी होतं.

ती ४८ हजारवाली बघायला जाल तेव्हा सकाळी, न कळवता जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. थंड सुरू केल्यावर पाच मिनिटं तशीच चालू द्या, मग एकदा रेस करा. मागून निळसर धूर आला तर तेल जळतंय. तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा, काळा चिकट गाळ हाती आला तर तिथूनच परत फिरा. मिस्त्रीला सोबत न्या आणि टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढायला सांगा. चाकाचा दांडा बोटानं किंचित आडवा हलला तर घाबरू नका, तेलाचा पडदा नसताना तो हलतोच. आत-बाहेर सरकला किंवा चाकाची पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर टर्बो संपलाय. पाइपात तेलाचा ओलावा चालतो, तेल साचलेलं चालत नाही. मग गाडी रस्त्यावर काढून तिसऱ्या गिअरात १८०० आरपीएमवरून पूर्ण पाय दाबा. चार हजारांपर्यंत ओढ एकसारखी वाढत गेली पाहिजे. मध्येच आचके आले किंवा बारीक भोंग्यासारखा आवाज चढत गेला तर सोडून द्या.

आणि ती बिलं. हे सगळं जमलं तरी बिलांशिवाय टर्बोवाली घेऊ नका, पन्नास हजार कमी करतो म्हणाला तरी. अधिकृत सर्विस सेंटरला काम झालं असेल तर गाडीच्या नंबरावर त्यांच्याकडे नोंद असते. मालकाला सोबत घेऊन यवतमाळला जा आणि नोंद काढायला लावा. त्यात तेल बदलल्याच्या तारखा आणि तेव्हाचं रनिंग दोन्ही बघा, दोन सर्विसिंगमध्ये दीड वर्षाची पोकळी असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, तो व्यवहार नको. तिथेच नव्या टर्बोचा आणि हाय-प्रेशर पंपाचा आजचा भावही विचारून ठेवा. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर विसार देऊ नका, १.२ वाल्याला फोन लावा.